खाट नंबर चौदाची पाटी

रेहाना मुजावरने भिंतीवर आणखी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली, दोन पावलं मागे सरकून ती पाहिली आणि मला विचारलं, "सर, ऑपरेशन पुढे ढकललं, तर ते कुणाकुणाला कळायला हवं?"

मी खुर्चीत होतो. ती आमच्याकडे होती त्या पाच आठवड्यांत मी बहुतेक वेळ खुर्चीतच होतो. आमच्या इस्पितळाच्या प्रार्थना हॉलची एक अख्खी भिंत तिने चिठ्ठ्यांनी भरली होती, अगदी संस्थापक काकासाहेबांच्या तसबिरीपासून खिडकीपर्यंत. काकासाहेबांच्या फेट्यालाही एक चिठ्ठी चिकटली होती. तिच्यावर 'लॅब' असं लिहिलेलं होतं. ती काढायला कुणी धजत नव्हतं, कारण ती मुद्दाम लावली आहे की चुकून, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि शिकत होतो. त्या वयात माणूस जे शिकतो ते बहुधा नाइलाजाने. ट्रस्टच्या त्या दोनशे खाटांच्या इस्पितळाचा सगळा कारभार मी लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालायचा. नोंदणी, वॉर्ड, लॅब, औषधं, ऑपरेशन थिएटर, सगळं एकाच पोटात. पंधरा वर्षं तो वाढत गेला होता. एका टोकाला हात लावला की दुसऱ्या टोकाला काहीतरी हलायचं, आणि काय हलेल ते फक्त मला ठाऊक असायचं. मला ही माझी हुशारी वाटायची. ट्रस्टला तो धोका वाटायला लागला. मग पुण्याहून सत्तावीस वर्षांची सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आली, ही रेहाना. तिने या एका प्रोग्रामचे अकरा तुकडे करायचे, प्रत्येक विभागाची स्वतंत्र सर्व्हिस उभी करायची, आणि जाताना ती रचना कशी करतात ते मला शिकवून जायचं, असं ठरलं.

वैद्यकीय संचालक डॉ. पेंढरकरांनी मला केबिनमध्ये बोलावून हे समजावलं होतं. ते कमी बोलत. "कुलथे, शिका. जमलं तर हे सगळं तुमच्याच हाताखाली राहील. नाहीतर रेकॉर्ड रूमला माणूस हवाच आहे."

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिथे तीस वर्षांचे केसपेपर होते आणि वाळवीची पावडर. आधीचा माणूस खोकत निवृत्त झाला होता.

तेव्हा मी शिकलो. रेहाना चांगली शिकवायची, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाच मला राग यायचा. ती म्हणायची, प्रत्येक सर्व्हिस म्हणजे एक बिऱ्हाड समजा. दुसऱ्याच्या बिऱ्हाडात शिरून कपाट उघडायचं नाही. काही हवं असेल तर दारावर जाऊन, ठरलेल्या शब्दांत मागायचं. आणि एखादी गोष्ट अनेकांना कळायला हवी असेल, तर मोठ्याने घोषणा करायची आणि गप्प बसायचं. ज्यांनी आपलं नाव श्रोत्यांच्या यादीत घातलंय त्यांना ती ऐकू जाईल. ऐकून कोण काय करतं, याची उठाठेव घोषणा करणाऱ्याने करायची नाही.

हे मला लगेच समजलं. आमच्या इस्पितळात परिपत्रकं अशीच निघत.

राग वेगळ्याच गोष्टीचा होता. पहिल्या दिवशी तिने माझा प्रोग्राम उघडला, बराच वेळ खाली-वर केला, आणि विचारलं, "सर, हे चालतं कसं?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. टोमणा असता तर मी विसरलो असतो. तिने वाचायला कोड मागितला, तेव्हा मी सहाशे चाळीस पानांचा छापील गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. कुणी वाचणार नाही याची मला खात्री होती. तेव्हा कुणी वाचलाही नाही. त्याऐवजी ती मला विचारत बसायची, जसं त्या दिवशी पुढे ढकललेल्या ऑपरेशनचं.

"वॉर्डला," मी म्हणालो. तिने लिहिलं.

"औषध विभागाला. थांबवलेल्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतात." तिने लिहिलं आणि मान डोलावली. हे तिच्या लक्षात आलं नसतं.

"थिएटरच्या स्टोअरला. आणि नातेवाइकांना मेसेज."

"आणखी कोणी?"

मी काकासाहेबांकडे पाहिलं. फेट्यावर लॅब घेऊन ते माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो.

आणखी होतं. स्वयंपाकघर होतं.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. काकासाहेबांनी सुरुवातीपासून नियम घातला होता, की पेशंटला बाहेरचा डबा चालणार नाही, जेवण इस्पितळाच्याच स्वयंपाकघरातून येईल. ज्याचं ऑपरेशन असेल त्याच्या खाटेच्या पायथ्याशी आदल्या रात्री एक लाकडी पाटी टांगायची. निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात एकच शब्द, उपाशी. ती टांगायची नर्सने, पण काढायची मात्र नर्सने नाही. फार पूर्वी एका नर्सने घाईत ती काढली होती, पेशंटने उपमा खाल्ला होता आणि भुलीच्या टेबलावर मोठी गडबड झाली होती. तेव्हापासून पाटी काढायचा अधिकार फक्त स्वयंपाकघराचा. चिठ्ठी आली की स्वयंपाकघरातली बाई ताट घेऊन येणार, ताट ठेवणार, पाटी काढणार आणि ती परत नेऊन स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवणार. ताटाशिवाय पाटी निघत नाही, आणि चिठ्ठीशिवाय ताट येत नाही.

आता ऑपरेशन पुढे ढकललं, तर चिठ्ठी कोण पाठवणार? हा प्रश्न मगदूम मावशीने माझ्यापुढे ठेवला होता, त्याला त्या वेळी बारा वर्षं झाली होती. मावशी स्वयंपाकघराची मुकादम. पदराला हात पुसत ती माझ्या टेबलाशी आली होती आणि तिने सांगितलं होतं, की ऑपरेशन रद्द झाल्याचं सगळ्यांना कळतं, आपल्याला तेवढं कळत नाही, आणि माणूस नाहक उपाशी राहतो. मी तिला थांबायला सांगितलं, प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, आणि भांडारात पडलेला एक जुना प्रिंटर स्वयंपाकघरात बसवून दिला. ऑपरेशन पुढे गेलं की तो प्रिंटर करकर करत चिठ्ठी काढायचा. मावशीने मला वाटीभर शिरा आणून दिला होता. पंधरा वर्षांत त्या प्रोग्रामबद्दल मला मिळालेली ती एकमेव दाद.

कोड सोडला तर ही ओळ कुठल्याही कागदावर नव्हती. स्वयंपाकघर मधल्या वर्षांत कंत्राटदाराकडे गेलं होतं, त्यामुळे विभागांच्या तक्त्यातही ते नव्हतं, आणि तक्त्यात नाही म्हणून मीटिंगला त्यांना बोलावलं नव्हतं. मला मात्र ओळ आठवत होती.

मी गप्प का बसलो, ते सरळ सांगतो. मला वाटलं, नवी सिस्टिम सुरू होऊ दे. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून ओरड येईल, सगळे धावतील, भिंतीवरच्या चिठ्ठ्यांमध्ये उत्तर सापडणार नाही. मग मी चष्मा पुसत येईन आणि म्हणेन, अहो, हे माझ्याकडे होतं. एखाद्या पेशंटचा चहा तासभर उशिरा होईल, एवढाच माझा हिशेब होता.

सोमवारी सकाळी नारळ फोडून नवी सिस्टिम सुरू झाली. पेढे वाटले. स्वयंपाकघराला एक नवा टॅबलेट मिळाला, त्यावर आज कुणाला काय जेवण ते दिसायचं. ज्यांना जेवण नाही ते अर्थातच दिसायचे नाहीत.

मंगळवारी दुपारी साडेचारला मावशी माझ्या टेबलाशी आली. बारा वर्षांत तिचे गुडघे गेले होते. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"साहेब, मशीन काल सकाळपास्नं गप हाय. दोन दिसांत एकबी ऑपरेशन पुढं गेलं न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "मावशी, आता माझ्याकडे काही नाही. वरती नव्या लोकांना विचारा."

नवे लोक तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट पेशंटसाठी होती. मावशीने जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाकऱ्यांची वेळ झाली म्हणून ती गेली. मी घड्याळ पाहिलं. उद्यापर्यंत ओरड होईल, असं मला वाटलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता पुरुष वॉर्डात खाट नंबर चौदावरचे शिदाप्पा कोरे बेशुद्ध पडले.

एकाहत्तर वर्षांचा माणूस, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. हर्नियाचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. सोमवारी रात्री आठ वाजता जेवले, पाटी लागली. मंगळवारी भूलतज्ज्ञ आले नाहीत. दुपारी चार वाजता थिएटरने ऑपरेशन गुरुवारवर ढकललं आणि रीतसर घोषणा केली. वॉर्डने ती ऐकली आणि तारीख बदलली. स्टोअरने ऐकली. सूतगिरणीत पाळीवर असलेल्या मुलाला मेसेज गेला. तो संध्याकाळी येऊन बापाला भेटून गेला, तेव्हा बाप 'चालतंय की' म्हणाला. औषध विभागानेही घोषणा ऐकली आणि बंद केलेली मधुमेहाची गोळी नियमाप्रमाणे पुन्हा सुरू केली. बुधवारी सकाळी सात वाजता नर्सने स्क्रीनवर बघून ती दिली. न्याहारीआधी घ्यायची गोळी होती. न्याहारी येणार असंच सगळे धरून चालले होते.

एकोणचाळीस तास पोटात अन्न नाही, आणि वरून साखर उतरवायची गोळी.

घाम येऊन ते लटपटायला लागले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्याने हाका मारल्या. डॉक्टर धावले, शिरेतून ग्लुकोज दिलं. अर्धा तास त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. डॉ. पेंढरकर स्वतः खाटेशी उभे होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त कपाळ पुसलं.

मला निरोप आला. मी वर गेलो, रेहानाच्या शेजारी बसलो आणि श्रोत्यांच्या यादीत स्वयंपाकघराचं नाव घातलं. जुना प्रिंटर त्याला जोडला. सगळं मिळून आठ मिनिटं लागली. रेहाना माझ्या हातांकडे आणि मग घड्याळाकडे पाहत होती.

खाली आलो तर वॉर्डात शिदाप्पा टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. पाटी अजून जागेवर होती. नियमच तसा होता, चिठ्ठी आली नव्हती.

मी त्यांना विचारलं, तुम्ही मागितलं का नाही. एवढा वेळ भूक लागली नाही का.

"लागली की," ते म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. "पर पाटी हाय न्हवं. तीस वर्सं गाडीवर हुतो मी. जलदची पाटी लावल्यावर कोन किती हात करू दे, गाडी मधी थांबत न्हाई. पाटी म्हंजे पाटी." थोडं थांबून ते म्हणाले, "मला वाटलं, तुमच्याच कुनाच्या तरी ध्यानात असंल."

तेवढ्यात मावशी मऊभाताचं ताट घेऊन आली. तिच्या पदराच्या टोकाला नव्या चिठ्ठीचा कागद खोचलेला होता. तिने ताट ठेवलं, खाटेला वळसा घालून पाटी काढली आणि माझ्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. मग शिदाप्पांच्या पाठीला उशी लावत, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "काल इचारलं हुतं मी तुमास्नी."

मी पाटी धरून उभा राहिलो. शिदाप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावला. मऊभात तसा चावावा लागत नाही.

गुरुवारी चौकशी झाली. प्रार्थना हॉलमध्येच, चिठ्ठ्यांच्या भिंतीसमोर. डॉ. पेंढरकरांनी एकेका विभागाला उभं केलं. थिएटरने वेळेसकट नोंद दाखवली, घोषणा चार वाजून सहा मिनिटांनी केली. वॉर्डने दाखवलं, चार वाजून सहा मिनिटांनीच ऐकली. औषध विभागाची नोंद तर इतकी सुंदर होती, की ती फ्रेम करून लावावी. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. माणूस तेवढा मरता मरता राहिला होता. मगदूम मावशीला चौकशीला बोलावलं नव्हतं, कारण स्वयंपाकघर तक्त्यात नव्हतं.

मग रेहाना उठली. मी टेबलाखाली हात पुसत होतो. आता ती माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, मी यांना विचारलं होतं. ते खरं होतं. मी उत्तराची तयारीही केली होती, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, विसरलो, वय झालं.

"श्रोत्यांची यादी मी केली," ती म्हणाली. "स्वयंपाकघर राहिलं. चूक माझी आहे."

एवढं बोलून ती बसली.

डॉ. पेंढरकरांनी तिच्या कंपनीला कळवायचं ठरवलं. मग ते माझ्याकडे वळले. कुलथ्यांनी आठ मिनिटांत दोष शोधून काढला, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुण्याहून आलेल्यांना जे सापडलं नाही ते आपल्या माणसाला सापडलं, अनुभव म्हणतात तो हाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवी सिस्टिम आजपासून माझ्याकडे, असं तिथेच जाहीर झालं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी हॉलमध्ये गेलो. काय बोलायला गेलो होतो ते मला माहीत नव्हतं. रेहाना भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढून एका पिशवीत टाकत होती. काकासाहेबांच्या फेट्यावरचीही तिने काढली. ती मुद्दाम लावली होती की चुकून, हे तेव्हाही कळलं नाही.

"सर, टेबलावर एक कागद आहे," ती म्हणाली. "तुमचा आहे."

माझ्या गठ्ठ्यातलं पान होतं, चारशे सतरावं. मधल्या एका ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला होता. ओळीच्या वर, बारा वर्षांपूर्वी, मीच लिहून ठेवलं होतं: 'मगदूम मावशीसाठी. काढू नये. – वि. कु.'

मी विचारलं, हे कधी सापडलं.

"काल रात्री. तुम्ही आठ मिनिटांत दुरुस्त केलंत. माहीत असेल तर आठ मिनिटं लागतात. शोधायचं असतं तर तास-दोन तास लागले असते. म्हणून रात्रीपर्यंत बसून गठ्ठा वाचला."

"मग आज सकाळी हे दाखवलं का नाहीत?"

तिने हातातली चिठ्ठी पिशवीत टाकली, पुढची काढली. ती दमली होती. पाच आठवड्यांत ती अशी दमलेली मी पाहिली नव्हती.

"विचारणं माझं काम होतं, सर. मी तुम्हाला विचारलं, मावशींना विचारलं नाही. ती चूक माझीच." तिचा आवाज सपाट होता. "आणि तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही तळघरात गेला असता. इथे नवा माणूस आला असता. त्यानेही काहीतरी सोडलं असतं, चुकून किंवा मुद्दाम. मग आणखी एक पेशंट. तुम्ही आता काही सोडणार नाही."

मी वाट पाहिली. पुढे काहीतरी येईल, रागावेल, नाहीतर झालं ते झालं असं म्हणेल. ती भिंतीकडे वळली होती. बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं, की यात क्षमा कुठेच नव्हती. ती रचना करत होती. हाताशी होता तो माणूस तिने योग्य जागी बसवला होता.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. नंतर कुणाकडून तरी कळलं, की पुढची दोन वर्षं तिला दुसरं मोठं काम मिळालं नाही. मी एकदा फोन करायचं ठरवलं होतं. नंबर लिहून ठेवला होता.

शिदाप्पा कोऱ्यांचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं. आदल्या दिवशी आणि त्या दिवशीही मी खाटेशी जाऊन आलो. त्यांनी मला ओळखलं नाही.

तिने सांगितलं तसंच झालं. चौदा वर्षांत मी कुणाला सोडलं नाही. पाच-सहा संस्थांसाठी अशा रचना केल्या, शहाण्या पोरांना शिकवल्या. प्रत्येक ठिकाणी मी विचारतो, आणखी कोणी? लोक नाही म्हणतात. मी पुन्हा विचारतो. ते कंटाळतात. मग मी जिना उतरून खाली जातो आणि स्वयंपाकघर, धोबीखाना, गेट, जिथे कुणाला मीटिंगचं बोलावणं गेलेलं नसतं, तिथे जाऊन विचारतो. अनुभवी माणूस म्हणून माझं नाव आहे.

माझ्या टेबलावर एक निळी लाकडी पाटी असते. तिच्यावर 'उपाशी' लिहिलेलं पाहून लोक हसतात, त्यांना वाटतं मी वजन कमी करतोय. मी तसं समजू देतो. त्या दिवशी मावशीने हातात दिलेली पाटी मी परत खिळ्याला अडकवायला हवी होती. पण ती कुठल्याच यादीत नव्हती. त्यामुळे कुणी मागितली नाही.